जीमॅटचा स्कोअर जागचा हलत नाही? नवीन क्लास लावण्याआधी हे तपासा

रत्नागिरीत माझ्या घरी दर रविवारी सकाळी जीमॅट, म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठी लागणारी परीक्षा, देणारी चार-पाच मुलं येतात. कुणी लोट्याच्या एमआयडीसीत इंजिनिअर असतो, कुणी बोटीवरून सुट्टीवर आलेला थर्ड ऑफिसर, कुणी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेऊन नोकरीला लागलेली मुलगी. बहुतेकांची तक्रार एकच असते: "बाई, अभ्यास करतोय, मॉक देतोय, पण स्कोअर तिथल्या तिथेच." (मॉक म्हणजे सराव परीक्षा.) आणि बऱ्याच जणांनी तोपर्यंत पुढच्या क्लासची चौकशीही केलेली असते. त्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते. बिघाड नेमका कुठे आहे ते सापडेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका. घरातला पंप पाणी खेचेना म्हणून कुणी लगेच नवी मोटर आणत नाही, आधी फूट व्हॉल्व्ह बघतो. इथेही तसंच करायचं आहे.

लक्षणं

पुढचं काही ओळखीचं वाटतंय का बघा.

महिनाभरात चार मॉक दिले आणि आकडे आले ५८५, ५७५, ५९५, ५८५. घरी निवांत बसून सोडवलं तर प्रश्न सुटतो, घड्याळ लावलं की हात थांबतो. शेवटचे चार-पाच प्रश्न न वाचताच कुठलंतरी उत्तर ठोकावं लागतं. उत्तर पाहिल्यावर तोंडून निघतं, "अरे, हे तर येत होतं." क्वांट (गणिताचा भाग) बरा असतो, पण डेटा इनसाइट्स (तक्ते, आलेख आणि माहितीवरचा भाग) खाली ओढतो. घरच्या मॉकपेक्षा खऱ्या परीक्षेत स्कोअर चाळीस-पन्नासने कमी येतो.

दोन लक्षणं मात्र बिघाडाची नाहीत. मॉकमागून मॉक स्कोअर दहा-वीसने वरखाली होणं हे नेहमीचंच आहे, त्यासाठी अभ्यासाची पद्धत बदलू नका. दुसरं म्हणजे "सगळेच प्रश्न कठीण येतायत" ही भावना. ही परीक्षा तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न निवडते. बरोबर उत्तरं दिलीत की कठीण प्रश्न येणारच. तेव्हा घाबरून जाऊ नका.

पहिली तपासणी: स्कोअर खरोखर वाईट आहे का?

याला पाच मिनिटं लागतात आणि खर्च शून्य.

जीमॅटचं नवं रूप नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं आणि जुनी परीक्षा ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली. जुना स्कोअर २०० ते ८०० असायचा आणि शेवटी शून्य यायचं. नवा २०५ ते ८०५ असतो आणि प्रत्येक स्कोअरच्या शेवटी ५ येतो. दोन्ही पट्ट्या वेगळ्या आहेत. जुना ७०० म्हणजे नव्या पट्टीवर साधारण ६४५.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. एक मुलगी माझ्यासमोर बसून रडली होती. मामेभावाला काही वर्षांपूर्वी ७०० मिळाले होते, हिला ६४५, आणि घरात सगळे म्हणत होते की तू कमी पडलीस. ती तसूभरही कमी पडलेली नव्हती. तुम्हाला हवा असलेला आकडा कुणी सांगितला आणि तो कुठल्या पट्टीवरचा आहे, हे आधी विचारा.

दुसरी तपासणी: पुस्तक कुठल्या परीक्षेचं आहे?

आपल्याकडे पुस्तकं हातोहात फिरतात. पुण्याच्या चुलतभावाने वापरलेली जाड पुस्तकं गणपतीला गावी येताना आणली जातात. पुस्तकात काही वाईट नसतं, फक्त ते आता नसलेल्या परीक्षेचं असतं.

अनुक्रमणिका उघडा. सेंटेन्स करेक्शनचं (इंग्रजी वाक्य सुधारण्याचं) प्रकरण दिसलं, भूमितीचं दिसलं, निबंध दिसला, तर ते पुस्तक जुनं. या तिन्ही गोष्टी नव्या परीक्षेत नाहीत. मी एकाला पावसाळ्याचे दोन महिने वर्तुळं आणि शंकू सोडवताना पाहिलंय. मन लावून करत होता, आणि त्यातला एकही प्रश्न त्याला येणार नव्हता.

आता भाग तीन आहेत आणि प्रत्येकाला ४५ मिनिटं: क्वांट २१ प्रश्न, व्हर्बल (इंग्रजी वाचन आणि युक्तिवाद) २३, डेटा इनसाइट्स २०. डेटा सफिशियन्सी (दिलेली माहिती पुरेशी आहे का ते ओळखण्याचे प्रश्न) पूर्वी क्वांटमध्ये होती, ती आता डेटा इनसाइट्समध्ये गेली आहे. एकूण स्कोअरमध्ये तिन्ही भागांचं वजन सारखं आहे. जुन्या पुस्तकावर अभ्यास करणारा नेमका या तिसऱ्या भागाकडे दुर्लक्ष करतो, म्हणजे एक तृतीयांश परीक्षा तयारीविनाच देतो. डेटा इनसाइट्स खाली ओढतोय हे तुमचं लक्षण असेल तर बहुधा बिघाड इथेच सापडेल.

तिसरी तपासणी: मॉक कसा दिलात?

मला प्रामाणिकपणे सांगा. मध्ये जेवायला उठलात का? लाइट गेली म्हणून थांबवून दुसऱ्या दिवशी पुरा केलात का? क्वांटला फोनवरचा कॅल्क्युलेटर वापरलात का? (तो फक्त डेटा इनसाइट्समध्ये मिळतो, आणि तोही पडद्यावरचा.) तोच मॉक दुसऱ्यांदा दिलात का? यातलं एक जरी खरं असेल तर तो स्कोअर कागदावरून खोडा. त्यावरून काहीच कळत नाही.

परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे दोन अधिकृत मॉक फुकट मिळतात. ते जपून वापरा. एक सुरुवातीला, दुसरा परीक्षेच्या दोन-तीन आठवडे आधी. सलग सव्वादोन तास, मध्ये दहा मिनिटांची एकच सुट्टी, आणि खरी परीक्षा ज्या वेळेला आहे त्याच वेळेला बसायचं. जुलैत लाइटचा भरवसा नसतो, म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ठेवा. घरात इन्व्हर्टर नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी जाऊन बसा. यात संकोच करू नका, आपल्याकडे अशा कामाला कुणी नाही म्हणत नाही.

याच कारणासाठी घरून ऑनलाइन परीक्षा देण्याचा बेत पावसाळ्यात करू नका, केंद्रावर जा. आणि केंद्रावर जाताना आणखी एक गोष्ट सांभाळा. आपली मुलं रात्रीच्या कोकणकन्येने किंवा तुतारीने निघतात, पहाटे मुंबईत उतरतात, स्टेशनवर तोंड धुतात आणि सकाळच्या स्लॉटला बसतात. मग स्कोअर पन्नासने खाली आला की मला विचारतात, असं कसं झालं? रात्रभर बर्थवर या कुशीवरून त्या कुशीवर केलेल्या माणसाची नजर दुसऱ्या तासाला ओळीवरून घसरते. आदल्या दिवशी दुपारपर्यंत मुंबईला पोचा. काकाच्या घरी, मावशीच्या घरी, कुठेही राहा, पण रात्रभर नीट झोपा. पासपोर्ट आदल्या रात्रीच बॅगेत ठेवा आणि नोंदणीतलं नाव त्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बुकिंगच्या दिवशीच बघा.

चौथी तपासणी: वेळ कुठे जातोय?

इथे थोडं थांबू या, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत सर्वांत जास्त बिघाड इथेच सापडतो. खर्च अजूनही शून्य, फक्त एक दुपार लागते.

मालवणचा एक मुलगा, बोटीवर थर्ड ऑफिसर. गणित पक्कं. पण क्वांटचा स्कोअर तीन मॉकमध्ये हललाच नव्हता. म्हणायचा, "बाई, माका येता सगळा, पण टाइम पुरना नाय." आम्ही मॉकचा निकाल उघडला आणि प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ एका कागदावर उतरवला, एकाखाली एक. पहिल्या सात प्रश्नांना २२ मिनिटं. त्यातल्या एकट्या पाचव्या प्रश्नाला ५ मिनिटं ४० सेकंद, आणि तोही चुकलेला. तळाशी शेवटचे चार: ११ सेकंद, ९, ८, ८. चारही चूक. त्यातला एक शेकडेवारीचा होता. मी तो त्याच्यासमोर ठेवला आणि घड्याळ लावलं. एक मिनिट दहा सेकंदांत त्याने सोडवला. बराच वेळ तो त्या कागदाकडे नुसता बघत बसला.

त्याला कुणीतरी सांगितलं होतं की पहिले प्रश्न सर्वांत महत्त्वाचे, तिथे वेळ घाला. हा सल्ला फार पसरलेला आहे आणि त्याने फार नुकसान केलंय. सुरुवातीला जास्त घातलेलं प्रत्येक मिनिट शेवटून कापलं जातं, आणि भाग अर्धवट राहिला तर त्याचा वेगळा दंड बसतो.

उपाय सोपा आहे. ४५ मिनिटांचे तीन तुकडे करा. क्वांटला दर १५ मिनिटांत ७ प्रश्न. व्हर्बलला ८, ८, ७. डेटा इनसाइट्सला ७, ७, ६. सुरुवातीलाच कच्च्या कामाच्या पाटीच्या कोपऱ्यात ३० आणि १५ लिहून ठेवायचं. क्वांटला सातवा प्रश्न संपला की पडद्यावरचं उलटं चालणारं घड्याळ ३० च्या आसपास हवं, चौदावा संपला की १५. मागे पडलात तर पुढच्या तुकड्यात एक प्रश्न मुद्दाम सोडून द्यायचा. सगळ्या प्रश्नांवर घाई करायची नाही.

अडीच मिनिटं झाली आणि वाट दिसत नाही, तर उत्तर ठोका, खूण करा आणि पुढे जा. भाग संपल्यावर वेळ उरला तर मागे येऊन तीन उत्तरं बदलता येतात. कॅटची (आयआयएमच्या प्रवेश परीक्षेची) तयारीही करणाऱ्यांना हे जड जातं. तिथे चुकीच्या पर्यायाला एक गुण कापला जातो, म्हणून त्यांना प्रश्न कोरा सोडायची सवय असते. जीमॅटमध्ये उत्तर दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, आणि चुकीच्या उत्तराला तसा गुण कापला जात नाही. अंदाजाने ठोकणं इथे पाप नाही.

मालवणच्या त्या मुलाला फक्त सोडून देण्याची सवय लावायला तीन आठवडे लागले. नवीन गणित त्याला मी एकही शिकवलं नाही.

पाचवी तपासणी: चुकांची वही

दोनशे पानी वही आणि महिना-दीड महिना. मुलांना याचाच कंटाळा येतो, आणि स्कोअर हलतो तो बहुतेक वेळा इथेच.

चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत येतो, आणि त्यापुढे कारण येतं. कारणं चारच: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण वाचताना चुकलो, हिशोबात चुकलो, वेळ नव्हता. बरोबर आलेला पण अंदाजाने ठोकलेला प्रश्नही लिहायचा, कारण परीक्षेत तो पुन्हा बरोबर येईलच असं नाही. आणि "सिली मिस्टेक" हा शब्द माझ्याकडे वहीत चालत नाही. त्यातून पुढच्या वेळी काय करायचं ते कळत नाही. "वाढ किती टक्के विचारली होती. ८० चे १०० झाले, वाढ २५ टक्के. मी १२५ लिहिलं." असं लिहा. अशी तीन वाक्यं एकाखाली एक दिसली की आपोआप कळतं, शेवटची ओळ दोनदा वाचायला हवी.

एक प्रश्न मी सगळ्यांना घालते. डेटा सफिशियन्सीचा आहे, म्हणजे उत्तर काढायचं नाही, दिलेली माहिती पुरेशी आहे का एवढंच सांगायचं.

पेटीतल्या आंब्यांच्या संख्येला २४ ने नि:शेष भाग जातो का?
पहिलं विधान: त्या संख्येला ४ ने भाग जातो.
दुसरं विधान: त्या संख्येला ६ ने भाग जातो.

चांगली गणित येणारी मुलंही म्हणतात, दोन्ही मिळून पुरेसं, कारण चार सक चोवीस. आता आपल्या पेट्या आठवा. पाच डझनी पेटी म्हणजे ६० आंबे. ४ ने भाग जातो, ६ ने जातो, २४ ने जात नाही. सहा डझनी पेटी म्हणजे ७२. ४ ने जातो, ६ ने जातो, आणि २४ नेही जातो. दोन्ही विधानं दोन्ही पेट्यांना लागू, पण एकीचं उत्तर नाही आणि दुसरीचं हो. म्हणजे दोन्ही मिळूनही माहिती अपुरी. ४ आणि ६ मध्ये २ सामाईक आहे, म्हणून हमी फक्त १२ ची मिळते.

हा प्रश्न चुकला तर वहीत "विभाज्यता कच्ची" असं लिहू नका. "दोन आकडे घालून बघितले नाहीत, गुणाकार करून मोकळा झालो" असं लिहा. विभाज्यता तुम्हाला येत होती. डेटा सफिशियन्सीत एक हो आणि एक नाही शोधायची सवय नव्हती. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत, आणि वही नसेल तर नेमकं दुखणं कुठलं ते कळत नाही.

सहावी तपासणी: व्हर्बल अडतंय ते इंग्रजीमुळे की युक्तिवादामुळे?

मराठी माध्यमातून आलेली मुलं सरळ म्हणतात, माझं इंग्रजी कच्चं. मग शब्दांच्या याद्या पाठ करायला घेतात. थांबा. आधी हे करा: चुकलेला क्रिटिकल रीझनिंगचा (युक्तिवाद तपासण्याच्या प्रश्नाचा) परिच्छेद वाचा आणि बाजूला ठेवून मराठीत सांगा, लेखकाचं म्हणणं काय आणि ते तो कशाच्या आधारावर म्हणतोय. नीट सांगता आलं तर इंग्रजीचा दोष नाही.

समजा परिच्छेद असा आहे: मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद होती. ऑगस्टमध्ये बंदरावर मे महिन्यापेक्षा जास्त मासळी उतरली. म्हणून बंदीमुळे समुद्रातली मासळी वाढली. हे कमकुवत करायचं असेल तर काय शोधाल? आपल्या किनाऱ्यावरचा कुणीही विचारेल, ऑगस्टला बोटी किती गेल्या? मेपेक्षा दुप्पट गेल्या असतील तर मासळी जास्त उतरणारच. हे ज्याला मराठीत लगेच सुचतं त्याला युक्तिवाद येतो. मग त्याने वाचनाचा वेग वाढवायचा. ज्याला मराठीतही सुचत नाही त्याने दहा हजार शब्द पाठ केले तरी स्कोअर हलणार नाही.

शर्तीच्या वाक्यांचीही मराठीतच उकल करा. "भरती असेल तर होडी धक्क्याला लागते" आणि "भरती असेल तरच होडी धक्क्याला लागते" यांत एका 'च'चा फरक आहे, पण तर्काची दिशा उलटी होते. दुसऱ्या वाक्यात होडी लागलेली दिसली तर भरती आहे हे नक्की, पण भरती आहे म्हणून होडी लागेलच असं नाही. इंग्रजीतलं 'ओन्ली इफ' म्हणजे हे 'तरच', आणि 'अनलेस' म्हणजे 'नसेल तर'. वाचताना या दोन शब्दांखाली मनात रेघ मारा.

सातवी तपासणी: पाया

वहीत "माहीतच नव्हतं" हेच कारण सगळीकडे दिसत असेल, तर आता मॉक बंद. अपूर्णांक, गुणोत्तर, शेकडेवारी, बाकी, समीकरणं. आठवी-नववीची बालभारतीची गणिताची पुस्तकं काढा, ई-बालभारतीवर ती फुकट मिळतात. रोज तास-दीड तास दिला तरी दोन-तीन महिने जातील. याला दुसरी वाट नाही, आणि यात लाज तर अजिबात नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला गाठायचं

पाया पक्का करण्यात सहा आठवडे घातले आणि वहीत तोच विषय पुन्हा पुन्हा येतोय, तर शिक्षक गाठा. संपूर्ण कोर्स घेऊ नका. त्या एका विषयासाठी चार-पाच तास मागा आणि पहिल्या दिवशी वही समोर ठेवा. जो शिक्षक वही न उघडताच फी सांगतो त्याच्याकडून परत या.

वाचताना रोज डोकं दुखतं, ओळी धूसर होतात, तर आधी डोळे तपासून घ्या. लहानपणापासूनच अक्षरं उलटसुलट दिसत आली असतील, वाचन नेहमीच इतरांपेक्षा फार मागे राहिलं असेल, तर मानसशास्त्रज्ञाकडून रीतसर तपासणी करा. त्या कागदपत्रांवर परीक्षेत जादा वेळ मागता येतो, पण ती मंजुरी तारीख घेण्याआधी मिळवावी लागते.

छातीत धडधडतं, हात कापतात, परीक्षेच्या विचाराने आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, तर ते अभ्यासाने बरं होणार नाही. डॉक्टरांकडे जा. घरी बोलता येत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो. माझ्याकडे आलेल्या दोघांना मी पुस्तकं बंद करून आधी तिकडेच पाठवलं, आणि तेच बरोबर होतं.

दोन प्रयत्नांमध्ये १६ दिवसांचं अंतर ठेवावं लागतं आणि १२ महिन्यांत पाचच प्रयत्न मिळतात. पण नियम परवानगी देतो म्हणून पाचही वापरू नका, प्रत्येक वेळी फी डॉलरमध्ये जाते. मधल्या काळात वहीत काही बदललं नसेल तर स्कोअरही बदलणार नाही. आलेला स्कोअर पाच वर्षं चालतो, तेव्हा घाईही नको.

आणि तीन प्रयत्नांनंतर आकडा तोच असेल तर मुळात ही परीक्षा तुम्हाला हवी आहे का ते बघा. नोकरीचा चांगला अनुभव असेल आणि हैदराबादची आयएसबी, आयआयएम अहमदाबादचा एक वर्षाचा पीजीपीएक्स अभ्यासक्रम किंवा परदेश डोळ्यांसमोर असेल, तर बहुतेक ठिकाणी जीमॅट किंवा जीआरई (तशीच दुसरी प्रवेश परीक्षा) लागते. पण नुकतीच पदवी झाली असेल आणि महाराष्ट्रातच शिकायचं असेल, तर राज्याची एमबीए सीईटी आहे: १५० मिनिटांत २०० प्रश्न आणि चुकीला गुण कापत नाहीत. आयआयएमच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी नोव्हेंबरात कॅट असते. चुकांची वही दोन्हीकडे तशीच कामाला येते. फक्त कॅटला बसणार असाल तर बाजूला ठेवलेलं ते वर्तुळं-त्रिकोणांचं प्रकरण पुन्हा काढावं लागेल, तिथे भूमिती अजून आहे.